तारखेच्या आडवाटा : ३१ ऑगस्ट

३१ ऑगस्टचा पेण-रोह्याशी संबंध लागतो तो थेट फिलिपिन्समार्गे. १९०७ साली या दिवशी रामोन मॅगसेसे जन्मले. पुढे ते त्या देशाचे अध्यक्ष झाले आणि १९५७च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ साली त्यांच्याच वाढदिवशी मनिलात पहिल्यांदा दिला गेला. त्या पहिल्या मानकऱ्यांत होते पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा. पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण रोह्याचं. आणि १९९६ साली पांडुरंगशास्त्री आठवले, जन्मानेच रोहेकर. रेल्वेने पेण सोडलं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. एवढ्याशा टापूत तीन मॅगसेसे!

तिघांत माझ्या मते सर्वांत चपखल पुरस्कार विनोबांचा. मॅगसेसे १९५०च्या सप्टेंबरात संरक्षणमंत्री झाले तेव्हा लुझोनमधल्या हुक बंडखोरांनी सरकारला जेरीस आणलं होतं. बंडखोर बहुतेक कुळं, राग जमीनदारांवर. मॅगसेसेंनी फौज वापरलीच, पण शस्त्र खाली ठेवणाऱ्याला मिंडानाओ बेटावर जमीन देण्याची योजनाही काढली. तेलंगणातही त्याच सुमारास जमिनीवरून बंदुका चालल्या होत्या. तिथल्या पोचमपल्लीत १८ एप्रिल १९५१ रोजी दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर मागितले. विनोबांनी तो प्रश्न गावापुढे ठेवला आणि रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर देऊ केले. भूदान तिथून निघालं. एकाच्या हाती सत्ता होती, दुसऱ्याजवळ फक्त पायी चालण्याची तयारी. भूदानात आलेली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही वादातली होती, हेही खरंच. पण कायद्याने जे जमायला वर्षं लागत होती ते मागून मिळवू पाहणारा माणूस जगात दुर्मीळच.

आता या आठवड्याचे शब्द, तेही जमिनीचेच. पेणच्या पश्चिमेला भरतीचं पाणी अडवून मिळवलेल्या भातशेतीचा पट्टा म्हणजे खारेपाट. भरतीचं पाणी जिथे येतं-जातं ती दलदल म्हणजे खाजण. बांधातल्या ज्या दारातून आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी रोखायचं, ती उघाडी. बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या अशा जमिनीला जुन्या दप्तरात शिलोत्री म्हणत. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. इतक्या कष्टाने मिळवलेली जमीन कुणी सहज सोडेल कशी? सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, प्रकल्पासाठी जमीन द्यायची का, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण भागातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं चक्क मतदान घेण्यात आलं. निकाल सरकारने जाहीर केला नाही, पण तो प्रकल्प काही उभा राहिला नाही.

चिंतामणराव या मातीच्या गोष्टीत जरा वेगळे पडतात. त्यांचा हिशेब पैशांचा. आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जातेय म्हणून १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. मराठी माणसाला त्यांचं नाव आठवतं ते बहुधा या राजीनाम्यामुळे. मनिलाने मात्र त्यांना गौरवलं ते शासकीय सेवेसाठी. विनोबांपेक्षा ते चारच महिन्यांनी लहान, आणि दोघेही गेले १९८२ सालीच, सहा आठवड्यांच्या अंतराने.

पांडुरंगशास्त्रींपाशी आलो की पुन्हा शेत येतं. त्यांच्या स्वाध्याय परिवारात ‘योगेश्वर कृषी’ असते. गावातले लोक पाळीपाळीने एका सामाईक शेतात राबतात. राबणाऱ्याला तिथे मजूर म्हणत नाहीत, पुजारी म्हणतात. येणारं पीक कुणा एकाचं नसतं, ते देवाचं. त्यातून गरजूला मदत होते. या धनाला शास्त्रीजींनी नाव दिलं ‘अपौरुषेय लक्ष्मी’. अपौरुषेय हे विशेषण एरवी वेदांना लावतात. ते भाताच्या राशीला लावण्याची हिंमत मला फार आवडते.

या तारखेचे बाकीचे मानकरी थोडक्यात. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत १९४०चे, आजऱ्याचे. अमृता प्रीतम १९१९च्या. मारिया मॉन्टेसरी १८७०च्या.

आणि १९५२. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला होता. तो स्वतंत्र भारतात रद्द झाला याच दिवशी, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. देश स्वतंत्र झाल्यावरही या लोकांना पाच वर्षं थांबावं लागलं. सोलापुरात त्यांना ज्या तारेच्या कुंपणात कोंडलं होतं, त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात.

पुढच्या आठवड्यात ७ सप्टेंबर, म्हणजे उमाजी नाईकांचा जन्मदिवस.