आधी टाकीत डोकवा
हातातला फोन : भाग ९

मागच्या रविवारी नांदेड-लातूर एसटीत लोह्याला एक गृहस्थ चढले आणि माझ्या शेजारी बसले. पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. वासावरूनच कळलं, पोरगी लातूरला शिकायला असणार. तसंच निघालं. ट्यूशन एरियातल्या होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. तिथं स्मार्टफोन चालत नाही, तिच्याकडे बटनाचा फोन. म्हणून अर्जावर मेल आणि मोबाइल नंबर वडलांचा. ‘लातूर पॅटर्न’वर पुष्कळ लिहून आलंय, पण ही बाजू कुणी लिहीत नाही : पोरं पुस्तकात आणि त्यांचे ओटीपी बापाच्या खिशात.

“सर, मेल येईना झालंय बघा,” ते म्हणाले. अर्जाचा कागद मेलवर येईल असं नेटकॅफेवाल्यानं सांगितलं होतं. पंधरा दिवस झाले, पत्ता नाही. फोन बंद-चालू करून झाला, ॲप काढून परत टाकून झालं. गावातल्या मोबाइलवाल्यानं शंभर रुपये घेऊन ‘अपडेट मारून’ दिलं होतं. म्हणजे काय केलं होतं, देव जाणे.

लातूरकराला नळाचं गणित शिकवायची गरज नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे शहर. नळ कोरडा निघाला की इथला माणूस पान्हा घेऊन तोटीकडे धावत नाही. आधी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावतो. मेलचंही तेच करायचं. फोनमधलं ॲप म्हणजे तोटी. खरी टाकी लांब कुठंतरी, कंपनीच्या सर्व्हरवर. मेल आधी तिथं पडतं, मग फोनला त्याची प्रत मिळते.

टाकीत डोकवायचं कसं? ॲप सोडून क्रोममध्ये जायचं आणि तिथून जीमेल उघडायचं. फोन हट्टानं परत ॲपच उघडत असेल तर क्रोमच्या मेनूत ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करायची. मेल तिथं दिसलं आणि ॲपमध्ये नाही, तर दोष फोनचा. तिथंही नाही, तर फोनला कितीही बडवून उपयोग नाही. फक्त स्पॅम आणि प्रमोशन्स हे दोन कप्पे तेवढे बघून घ्यायचे. स्पॅममधलं मेल ३० दिवसांनी आपोआप उडतं, म्हणून ते लवकर बघितलेलं बरं.

आमच्या गृहस्थांच्या टाकीत शेवटचं मेल तीन आठवड्यांपूर्वीचं. आणि वर पट्टी : स्टोरेज संपलं. “ही पट्टी ॲपमध्येपण यायची की,” ते म्हणाले, “मी सरकवून टाकायचो. जाहिरात वाटली.”

गूगल फुकटात १५ जीबी जागा देतं, ती एकट्या मेलची नाही. ड्राइव्ह, गूगल फोटोज आणि मेल, तिघांत मिळून एकच टाकी. २०२१ च्या १ जूनपासून फोटोही त्यात मोजले जातात, २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही. सकाळचे ‘शुभ प्रभात’, लग्नांचे व्हिडिओ, गावच्या सप्ताहाचं कीर्तन, सगळं एकाच टाकीत. ती भरली की आतला चेंडू वर येतो आणि पाणी थांबतं. नवं मेल दारातूनच माघारी, पाठवणाऱ्याकडे. आपल्याला आवाजही येत नाही.

म्हणून अहमदपूर येईपर्यंत आम्ही टाकी उपसली. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमधून व्हिडिओ वगळले. गूगल फोटोजमधले नको ते व्हिडिओ काढले. इथं एक जपा : फोटोजमधून काढलेली वस्तू फोनमधूनही जाते. आणि कचरापेटी रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही. नुसतं डिलीट करून लोक वाट बघत बसतात.

आता दुसरी तऱ्हा, टाकीत पाणी आहे पण तोटीला नाही. नांदेडच्या माझ्या एका प्राध्यापक मित्राचं मेल ॲप उघडलं की धडाधड यायचं, एरवी चिडीचूप. विष्णुपुरीला विद्यापीठात बैठक, आणि बोलावणं बैठक संपल्यावर दिसायचं. अँड्रॉइडमध्ये दर ॲपनं सर्व्हरशी वेगळी तार जोडून बसायचं नसतं. गूगलची एक सामाईक तार असते, तिच्यावरून ‘मेल आलंय, ऊठ’ असा इशारा येतो. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पडून राहिलेला फोन बॅटरीसाठी ॲपना झोपवतो. काही फोन याहून कडक, ते ॲपला उठूच देत नाहीत. म्हणून सेटिंग्जमध्ये मेल ॲपच्या बॅटरीवरचे निर्बंध काढायचे, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करायचं, डेटा सेव्हरमधून सूट द्यायची.

त्याआधी सिंक बघा. ते दोन जागी असतं : फोनच्या सेटिंग्जमधल्या खात्यांत आणि जीमेलच्या आत. एक बंद असलं तरी पुरतं. बॅटरी वाचवायला घरातलंच कुणी बंद करतं आणि विसरतं. फोनची तारीख चुकीची असली तरी सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलला असेल तर फोनवरही पुन्हा लॉगिन करावं लागतं. फार जुनं मेल ॲप असेल तर नवंच घ्या. नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी ॲपं गूगलनं २०२२ मध्ये बंद केली.

खातं फोनमधून काढून परत टाकणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, आणि तोही पासवर्ड पाठ असेल तरच. नसेल तर नळही गेला आणि टाकीची किल्लीही.

चाकूर गेलं तसं मी माझ्या फोनवरून त्यांना एक रिकामं मेल पाठवलं. टिंग वाजलं. त्यांनी तो आवाज पुन्हा ऐकायला आणखी एक पाठवायला लावलं. पण अर्जाचं मेल? ते माघारी गेलं ते गेलंच. जागा केली म्हणून परत येत नाही. नीटच्या संकेतस्थळावर लॉगिन करून तो कागद उतरवून घेतला.

उतरताना त्यांनी विचारलं, “अजून जागा करू का?” मी म्हटलं, करा, सप्ताहाचा तो व्हिडिओ मोठा आहे. “नाही, तेवढा राहू द्या,” ते म्हणाले. “त्यात टाळ वाजवतेली माझी माय आहे.”