फिट सुरू कुठून झाली?

रस्त्यात कुणी फिट येऊन कोसळलं की गर्दीतून पहिली हाक कांद्याची येते. कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतं. दोनेक मिनिटांत झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं. पण बहुतेक फिट आपोआपच थांबतात. त्यांना आवरणारी यंत्रणा मेंदूतच असते.

मेंदूच्या पेशींना ग्लुटामेट हे रसायन चेतवतं, तर गाबा हे रसायन आवरतं. जुन्या जखमेच्या व्रणापाशी, गाठीपाशी किंवा आनुवंशिक दोषामुळे हा तोल ढळला, की असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात विजेचे संदेश सोडू लागतात. आपल्याकडे याचं एक मोठं कारण म्हणजे टेपवर्मची अंडी. ती दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि त्यांतल्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. त्यामुळे आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसालाही फिट येऊ शकते.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये डॉ. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांच्या लक्षात आलं, की काही रुग्णांचे झटके अंगठ्यात सुरू होतात आणि ठरावीक क्रमाने हातावर, चेहऱ्यावर सरकतात. मेंदूत या अवयवांच्या हालचालींच्या जागाही शेजारी शेजारी असणार, हे त्यांनी केवळ निरीक्षणातून ताडलं. तेव्हा मेंदूतल्या विजेचा आलेख, म्हणजे ईईजी, नव्हता; माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी निघाला तो १९२४ मध्ये.

विजेच्या संदेशांची ही लाट मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरली की शुद्ध हरपते. छातीचे स्नायू एकदम आवळतात आणि आतली हवा स्वरयंत्रातून जोरात बाहेर पडते. ती किंकाळी वेदनेची नसते. अंग ताठतं, ओठ निळसर पडतात, जिभेची कड दातांत सापडते. मग पेशींना मधूनमधून आवर बसू लागतो आणि ताठलेलं अंग झटके देऊ लागतं. म्हणजे पाहणारा ज्याने सर्वांत घाबरतो, ते झटके खरं तर फिट आटोक्यात येत असल्याची खूण असतात. त्यानंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो, कधी एक हात काही तास लुळा पडतो.

प्रत्येक फिटमध्ये झटके येतातच असं नाही. वर्गात काही सेकंद शून्यात पाहणाऱ्या मुलीलाही फिट येत असू शकते, आणि ती मात्र 'लक्ष नाही' म्हणून ओरडा खाते.

झटक्यांची फिट मात्र बहुधा आपोआपच थांबते, म्हणून कांदा शोधू नका, घड्याळ पाहा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटं उलटली तर थांबू नका, रुग्णालय गाठा. फिट लांबली की गाबाचा संदेश घेणारी केंद्रं पेशीच्या आत ओढली जातात आणि औषधंही कमी लागू पडतात. मान कुठल्या बाजूला वळली, आधी कुठला हात हलला, हे लक्षात ठेवा. डॉक्टर तेच विचारतील. घरचं कुणी असेल तर मोबाइलवर चित्रण करा आणि ते फक्त डॉक्टरांना दाखवा.