स्वतःच्या सर्व्हरवर खासगी ५जी: सिम नोंदलं गेलं, आयपी मिळाला, तरी नेट का चालत नाही?

मोबाइल नेटवर्क म्हटलं की आपल्याला टॉवर आठवतो. पण टॉवर म्हणजे नुसता दरवाजा. सिम खरं आहे का, त्याला कुठला आयपी द्यायचा, त्याचा डेटा कुठे पाठवायचा हे सगळं मागे बसलेला ‘कोअर’ ठरवतो. आणि हा कोअर आज साध्या उबुंटू सर्व्हरवर चालतो. कारखान्यांत, बंदरांवर, खाणींमध्ये जे ‘प्रायव्हेट ५जी’ उभं करतात, त्यातही असाच एक कोअर असतो, फक्त आकाराने आणि किमतीने मोठा.

मी ओपन५जीएस वापरलं. मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि ४जी व ५जी दोन्हींचा कोअर त्यात एकत्र येतो. घरी पडून असलेला ८ जीबी रॅमचा डेस्कटॉप शिकण्यापुरता भरपूर झाला. रेडिओ नव्हताच. त्याऐवजी यूईरॅनसिम नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते टॉवर आणि फोन दोघांचंही सोंग घेतं, त्यामुळे हवेत एकही लहर न सोडता सगळं शिकता येतं.

इन्स्टॉल केल्यावर सर्व्हरवर डझनभर सर्व्हिसेस उभ्या राहतात. नावं बघून घाबरू नका, सुरुवातीला तीनच लक्षात ठेवा. एएमएफ हा दारावरचा रखवालदार, टॉवर आणि फोन पहिल्यांदा याच्याशी बोलतात. एसएमएफ फोनला आयपी देतो आणि डेटाचा मार्ग ठरवतो. यूपीएफ प्रत्यक्ष डेटा वाहून नेतो. बाकीच्या सर्व्हिसेस ओळख तपासणं, ग्राहकांची माहिती ठेवणं, एकमेकींचा पत्ता शोधून देणं अशी कामं करतात. ग्राहकांची माहिती जाते मोंगोडीबीमध्ये.

पहिला खड्डा इथेच आहे. मोंगोडीबीच्या ५.० पासूनच्या आवृत्त्यांना एव्हीएक्स असलेला प्रोसेसर लागतो. जुना सेलेरॉन किंवा पेंटियम असेल तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढंच म्हणून तो मान टाकतो. प्रॉक्समॉक्सवर व्हर्च्युअल मशीन केली असेल आणि सीपीयूचा प्रकार केव्हीएम६४ ठेवला असेल, तर नव्या प्रोसेसरवरही हेच होतं. प्रकार ‘होस्ट’ करा, प्रश्न मिटतो.

पुढची गोष्ट पत्त्यांची. मूळ सेटिंगमध्ये सगळ्या सर्व्हिसेस १२७.०.०.५, १२७.०.०.७ अशा आतल्या पत्त्यांवर ऐकत असतात. टॉवर दुसऱ्या मशीनवर असेल तर त्याला हे पत्ते दिसणार कसे? म्हणून दोनच ठिकाणी सर्व्हरचा खरा आयपी टाकायचा: एएमएफच्या फाइलमध्ये एनजीएपीखाली आणि यूपीएफच्या फाइलमध्ये जीटीपीयूखाली. बाकी सर्व्हिसेस आपापसातच बोलतात, त्यांना हात लावू नका. फायरवॉल असेल तर एससीटीपी ३८४१२ आणि यूडीपी २१५२ हे पोर्ट उघडे हवेत. यातला पहिला टीसीपी नाही, एससीटीपी आहे. मी टीसीपी उघडून बराच वेळ टॉवरची वाट बघत बसलो होतो!

आता नेटवर्कची ओळख. भारतातल्या नेटवर्कचा देश-कोड ४०४ किंवा ४०५ असा असतो. आपण तो वापरायचा नाही. खासगी नेटवर्कच्या अंतर्गत वापरासाठी ९९९ हा कोड राखून ठेवलाय, आणि ओपन५जीएसमध्ये आधीपासून ९९९-७० असतं ते यासाठीच. हा कोड आणि टीएसी नावाचा विभाग-क्रमांक एएमएफमध्ये आणि टॉवरमध्ये तंतोतंत सारखा हवा, नाहीतर टॉवर दारातूनच परत जातो.

सिमचंही तसंच. प्रत्येक सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तीच किल्ली कोअरच्या डेटाबेसमध्ये असते. ती हवेतून कधीच जात नाही. दोन्हीकडे तिच्यावरून गणित होतं आणि उत्तर जुळलं तरच प्रवेश मिळतो. ‘माझं नेहमीचं सिम यात चालेल का?’ असं बरेच जण विचारतात. नाही चालणार, कारण त्याची किल्ली कंपनीकडे आहे आणि सिममधून ती बाहेर काढता येत नाही. खऱ्या फोनसाठी प्रोग्रॅम करता येणारं कोरं सिम लागतं. किल्लीसोबत ओपी किंवा ओपीसी नावाची आणखी एक संख्या असते. दोन्ही दिसायला सारख्याच लांबीच्या, पण एकीच्या जागी दुसरी टाकली की लॉगमध्ये ‘मॅक फेल्युअर’ दिसतं. सिमची नोंदच केली नसेल तर ‘कॅनॉट फाइंड एसयूसीआय’ येतं. एएमएफचा लॉग वाचायची सवय लावा, अर्धी उत्तरं तिथेच असतात.

इतकं झालं आणि माझा नकली फोन नोंदला गेला, १०.४५.०.२ हा आयपी मिळाला, पिंगला उत्तर आलं. मी खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. परत आल्यावर सर्व्हर सुरू केला, सगळ्या सर्व्हिसेस हिरव्या, फोनची नोंदणी झाली, आयपीसुद्धा मिळाला. पण नेट शून्य.

मी सिमच्या किल्ल्या पुन्हा टाकल्या, कॉन्फिगरेशन चार वेळा तपासलं. सगळं वाया. कारण दोष मोबाइलच्या भागात नव्हताच. १०.४५ ने सुरू होणारा आयपी हा आपला घरगुती आयपी, बाहेरच्या इंटरनेटला तो ठाऊक नाही. त्यामुळे लिनक्समध्ये दोन गोष्टी लागतात: आयपी फॉरवर्डिंग चालू असणं, आणि आयपीटेबल्समधला मास्करेडचा नियम, जो बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर सर्व्हरचा पत्ता चिकटवतो. दोन्ही मी टर्मिनलवर हाताने दिलं होतं. रीबूट झालं आणि दोन्ही पुसलं गेलं. नियम कायमचे करण्यासाठी आयपीटेबल्स-पर्सिस्टंट बसवा आणि फॉरवर्डिंग सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

ते केलं तरी नेट येईना! शेवटी लक्षात आलं की त्याच मशीनवर मी मधल्या काळात डॉकर टाकलं होतं. डॉकर सुरू होताना फॉरवर्ड साखळीचं धोरण ‘ड्रॉप’ करून ठेवतं, म्हणजे आपल्या फोनची पॅकेट गुपचूप फेकली जातात. ओजीएसटन या इंटरफेससाठी वेगळी परवानगी दिली आणि सुरू झालं. म्हणून तपासायचा क्रम सांगतो. फोनच्या बाजूने आधी १०.४५.०.१ ला पिंग करा. उत्तर आलं तर मोबाइलचा सगळा भाग ठीक आहे. मग ८.८.८.८ ला करा. इथे अडलं तर फॉरवर्डिंग, मास्करेड किंवा डॉकर. तेही चाललं पण वेबसाइट उघडत नसेल तर डीएनएस बघा.

साधा कॉल मात्र यावर लागत नाही, त्यासाठी आयएमएस नावाची वेगळी यंत्रणा लागते. व्हॉट्सअॅप कॉल चालतो, तो शेवटी डेटाच आहे.

सिमची नोंद करायचं वेबपान येतं ते ठरलेल्या पासवर्डसह, ॲडमिन आणि १४२३. सगळ्या जगाला तो माहीत आहे. तो आधी बदला, आणि ते पान किंवा मोंगोडीबी चुकूनही इंटरनेटवर उघडं ठेवू नका. ज्याच्या हाती त्या किल्ल्या लागतील, तो तुमच्या प्रत्येक सिमची नक्कल करू शकतो.

राहिला रेडिओ. यूएसआरपीसारखं हार्डवेअर आणि एसआरएसरॅन घेऊन खरा टॉवरही उभा करता येतो, पण भारतात परवान्याशिवाय मोबाइलच्या बँडवर प्रक्षेपण करणं बेकायदेशीर आहे, मग ते घरातल्या खोलीत का असेना. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी नेटवर्कसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार कंपन्या मोबाइल ऑपरेटरकडून असं नेटवर्क उभं करून घेऊ शकतात, किंवा परवाना घेऊन ऑपरेटरचा स्पेक्ट्रम भाड्याने वापरू शकतात. कॉलेजला किंवा स्टार्टअपला प्रयोग करायचा असेल तर विभागाच्या सरल संचार पोर्टलवर प्रायोगिक परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज करण्याआधी कोअर यूईरॅनसिमवर नीट चालवून ठेवा, आणि एकदा मुद्दाम सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करून बघा.