हतनूरला जाताना दुर्बीण, परतल्यावर साबण

खान्देशाला समुद्र नाही, पण तापी-पूर्णेच्या संगमाच्या खालच्या अंगाला हतनूर धरण आहे. नद्यांनी आणलेल्या गाळाने हा जलाशय उथळ होत गेला. सिंचनाच्या दृष्टीने तोटाच, बदकांना मात्र अन्नाची कोठी. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरू लागतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह (मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला) असल्याने निसर्गप्रेमींचे गट याच दिवसांत निघतात.

गटाचा उपयोग मोजणीला होतो. एकाने दुर्बिणीतून पाहायचे, दुसऱ्याने वहीत लिहायचे. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि थव्यात तशा किती जागा बसतात ते पाहायचे. नवख्यांनी ‘वारकरी’ पक्ष्यापासून सुरुवात करावी. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा. मुक्ताईनगरच्या परिसरात त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही!

आता आरोग्याचे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच शेजारी, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये तिथे पुन्हा तेच झाले. त्यामुळे पाहुण्या पक्ष्यांची काहींना धास्ती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. २००५ मध्ये चीनमधील छिंगहाई सरोवरावर याच विषाणूने हजारो रानपक्षी मेले. त्यांत पट्टकादंब सर्वाधिक होते, आणि हेच हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात येतात.

पण दूर पोहणारे बदक दुर्बिणीतून पाहिल्याने कुणाला ताप येत नाही. विषाणू पक्ष्याच्या विष्ठेत आणि लाळेत असतो. चिखलाबरोबर तो बुटाला, गाडीच्या चाकाला चिकटतो आणि तिथून खुराड्यापर्यंत त्याला बऱ्याचदा माणूसच नेतो. घरी कोंबड्या असतील तर बूट साबणाने धुऊन, उन्हात वाळवून मगच त्यांच्याकडे जा.

काठावर मेलेला पक्षी दिसला तर फोटोसाठीही उचलू नका. जागा लिहून घ्या आणि वन विभागाला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा; एकाच ठिकाणी चार-पाच मेलेले असतील तर लगेच. हात लागलाच असेल आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप, खोकला आला, तर डॉक्टरांना ही गोष्ट आधी सांगा.

डबा उघडण्यापूर्वी हात धुवायला पाण्याची बाटली घरूनच न्या. डब्यात उकडलेली अंडी असली तर खुशाल खा. ७० अंशांपर्यंत नीट शिजलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही.