वाकलेली तुळई आणि कोसळलेली तुळई

मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या एखाद्या वखारीत शिरावे आणि मान वर करून पाहावे. माळ्यावर पोत्यांची थप्पी लागलेली असते आणि खालचा लोखंडी गर्डर मधोमध किंचित लवलेला दिसतो. धनी म्हणतो, "इतकी वर्षे उभा आहे, त्याला काय होते?" शेजारी म्हणतो, "आज ना उद्या कोसळणार." यांपैकी खरे कोणाचे, याचा निवाडा करणारे एक शास्त्र आहे. त्याचीच ओळख आम्ही येथे करून देणार आहोत.

लोखंडी तार थोडी वाकवून सोडली तर ती पूर्ववत होते. हा स्थितिस्थापकपणा. अधिक वाकविली की ती वाकलेलीच राहते, पण तुटत नाही. हा सुघट्यपणा. खडू मात्र वाकतच नाही, एकदम मोडतो. जुनी गणिते पहिल्या अवस्थेपाशीच थांबत. तुळईचा एक भाग कायमचा वाकू लागला की तिची ताकद संपली, असे ती मानीत. 1914 साली हंगेरीतील गाबोर काझिंत्सी या अभियंत्याने दोन्ही टोके पक्की बसविलेल्या पोलादी तुळयांवर प्रयोग करून ही समजूत अपुरी असल्याचे दाखविले. पुढे केंब्रिजच्या जॉन बेकर यांनी हा विचार वाढविला. 1941 पासून इंग्लंडात वाटलेले टेबलासारखे पोलादी निवारे त्यांनी याच तत्त्वावर आखले. घर वर कोसळले तर निवारा वाकावा, पण आतला माणूस चिरडू नये, हा त्यांचा हेतू.

हे घडते कसे? धडगावकडच्या डोंगरवाटांनी आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून खांद्यावर आणतात. चढावर एक गडी थकला, तरी तो खांदा काढीत नाही. आपल्या शक्तीइतके ओझे तो धरून राहतो, वाढीव तेवढे सोबत्यांवर जाते. पोलादाचे तसेच आहे. थकलेला भाग बिजागरीसारखा वळू लागतो, पण हातचा भार टाकीत नाही. खडूच्या जातीचा गडी मात्र ओझे टाकून मोकळा होतो.

आता थोडे गणित करू. एकच गर्डर घ्या आणि त्यावर सारखा पसरलेला भार वाढवीत चला. गर्डर दोन भिंतींवर नुसता टेकविलेला असेल, तर 8 मापे भाराला मधोमध बिजागरी होते आणि तो कोसळतो. तोच गर्डर दोन्ही टोकांना भक्कम खांबांशी पक्का जोडला, तर 12 मापांना टोके थकतात. त्या वेळी मध्यावर निम्माच जोर आलेला असतो. म्हणून तो आणखी भार घेतो आणि 16 मापांना तिसरी बिजागरी झाल्यावरच पडतो. गर्डर तोच, पण ताकद दुप्पट. ही शिल्लक लोखंडात नसून जोडणीत आहे, हे ध्यानात घ्यावे.

म्हणजे वखारीचा निवाडा असा. पोती उतरवून पाहावी. लव गेली, तर गर्डर अद्याप स्थितिस्थापक आहे. लव तशीच राहिली, तर शिल्लक खर्ची पडत असल्याची शंका धरावी. गर्डर नुसता टेकलेला असेल, तर शिल्लक मुळीच नाही. अशा वेळी त्यावर एक पोतेही न चढविता अभियंत्यास बोलवावे.

भारतात पोलादी बांधकामासाठी या शास्त्राची मानक-पुस्तिका 1972 साली निघाली. काँक्रीटलाही हाच न्याय लागू आहे, पण एका अटीवर. तुळईत सळई भरमसाट घातली, तर सळई वाकण्याआधी काँक्रीटच चुरडते, आणि तेही सूचना न देता. म्हणून अधिक सळई म्हणजे अधिक सुरक्षितता, हा भ्रम सोडावा. खांबातील रिंगांची टोके आत वळवून गाभ्यात अडकविली आहेत की नाहीत, हे मात्र मालकाने स्वतः उभे राहून पाहावे. धक्का बसला असता गाभ्याला त्याच रिंगा बांधून ठेवतात.

ही चिंता परक्या मुलखाची नव्हे. 14 मार्च 1938 रोजी आपला सातपुडा हादरला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी हजारो माणसे गाडली. त्या भिंतींना वाकणे ठाऊक नव्हते.

वाकणारे घर माणसाला बाहेर पडण्यास अवधी देते. तो अवधी बांधतानाच घरात घालावा लागतो, आणि तुळई लवली की त्याचा उपयोग करावा लागतो.