कच्च्या केळ्यांचा स्वयंपाक



सावदा हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी केळ्यांमुळेच ऐकले असेल. भुसावळ-खंडवा मार्गावरच्या या स्थानकातून केळी रेल्वेने दिल्लीकडे जात आली आहेत. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र येथून केळी पिकलेली जात नाहीत. घड हिरवाच कापतात आणि ज्या शहरात विकायचा तेथे नेऊन पिकवतात. त्यामुळे आमच्या भागात कापणीच्या वेळी सगळीकडे दिसते ते कच्चे केळे.

व्यापारी माल भरताना बारीक, वाकडी, डागाळलेली केळी आणि घडाच्या टोकाची फणी बाजूला काढतो. यातला बराच माल बांधावर पडतो किंवा गुरांपुढे जातो. कापणीच्या मजुरीला सातपुड्यातून उतरणारी पावरा, तडवी, कोरकू कुटुंबेही असतात. मागितली तर ही केळी त्यांना बहुधा कोणी नाकारत नाही. तरी घरी नेल्यावर ती पिकायची वाट पाहतात. मग सगळी एकदम पिकतात आणि निम्मी सडतात. म्हणून आम्ही आयांच्या बैठकीत एकच गोष्ट सांगतो : केळे पिकायची वाट पाहू नका, ते कच्चेच शिजवा. कसे, ते आपल्यालाही सांगते.

कच्चे केळे म्हणजे काय?

केरळचे नेंद्रन किंवा वसईकडची राजेळी ही शिजवून वा वाळवून खाण्याची खास केळी. आमच्याकडे बहुतेक बागांत ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीत जी-नाईन, ही पिकवून खाण्याची जात आहे. पण कच्चेपणी हिच्यातही साखर फारशी नसते, पिष्ट असते. म्हणून ती बटाट्यासारखी शिजते. केळे पूर्ण हिरवे आणि टणक हवे. पिवळी झाक आली की पिष्टाची साखर होऊ लागते. मग भाजी गोडसर लागते व गिचका होतो.

सोलण्यापूर्वी हाताला व विळीला तेल लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. फोडी लगेच मिठाच्या पाण्यात किंवा पातळ ताकात टाकाव्यात, म्हणजे काळ्या पडत नाहीत. साल काढणे जड जात असेल तर केळी धुऊन, दोन्ही टोके कापून, सालासकट १०-१२ मिनिटे उकडावीत. साल मग हाताने निघते.

रश्श्याची भाजी

सहा केळ्यांना अर्धी वाटी शेंगदाणे, थोडे सुके खोबरे, एक कांदा आणि आठ-दहा लसूण पाकळ्या घ्याव्यात. हे सगळे भाजून वाटावे. तेलात जिरे, हळद, तिखट व काळा मसाला घालून वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. मग गरम पाणी व फोडी घालाव्यात. कच्च्या फोडी दहा-बारा मिनिटांत शिजतात. उकडलेल्या असतील तर एक उकळी पुरे. रस्सा जरा पातळच ठेवावा, कारण केळे पाणी ओढून घेते.

भरीत

बामणोदच्या वांग्यांचे भरीत खानदेशाबाहेरही ठाऊक आहे. तसेच केळ्याचेही होते. केळी सालासकट निखाऱ्यांवर, साल सगळीकडून काळी होईपर्यंत भाजावीत. गर कुस्करून त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात व कोथिंबीर घालावी. वांग्यापेक्षा हा गर कोरडा असतो, म्हणून तेल थोडे जास्त किंवा दोन चमचे दही लागते. या भरिताला भांडे-कुकर लागत नाही, म्हणून शेतावर चूल मांडणाऱ्या बायांना ते सोयीचे पडते.

केळफूल

घडाच्या फण्या सुटल्या की खालचे केळफूल मोडून टाकतात. ते फुकट मिळते. प्रत्येक फुलातली ताठ दांडी व पारदर्शक पापुद्रा काढून बाकीचे बारीक चिरावे, रात्रभर ताकात भिजवावे आणि सकाळी पिळून घ्यावे. भिजवलेली हरभरा डाळ घालून केलेली त्याची भाजी फार रुचकर लागते.

सालाची भाजीही काही ठिकाणी करतात. पण बागेत करपा रोगासाठी फवारणी होते; म्हणून साल फक्त परसातल्या, न फवारलेल्या केळीचीच वापरावी. इतर केळीही चांगली धुऊन घ्यावीत.

पीठ : पावसाळ्याची शिदोरी

पावसाळ्यात मजुरी तुटते आणि घरातले धान्य सरत येते. त्या दिवसांसाठी पीठ उपयोगी. सोललेल्या केळ्यांच्या पातळ चकत्या मिठाच्या पाण्यातून काढून, कडक उन्हात कापडावर दोन-तीन दिवस वाळवाव्यात. चकती कट्कन मोडली म्हणजे वाळली. दळून हवाबंद डब्यात ठेवल्यास पीठ काही महिने टिकते. पाच किलो केळ्यांचे साधारण एक किलो पीठ होते. तीन वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी केळ्याचे पीठ मिसळून, उकळत्या पाण्याने उकड काढून भाकरी थापावी. नुसत्या केळ्याच्या पिठाची भाकरी तुटते.

केरळात कुन्नन जातीच्या केळ्याचे पीठ लहान बाळांना लापशी म्हणून देतात. आमच्याकडेही सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला ही लापशी देता येते, पण भाजलेल्या मूगडाळीचे पीठ त्यात हवेच.

पोट भरते, पण तेवढ्याने भागत नाही

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. युगांडात मटोके म्हणून कच्ची केळी पानात गुंडाळून वाफवतात आणि ते तेथले रोजचे जेवण आहे. पण त्याबरोबर घेवडा किंवा शेंगदाण्याचे कालवण असते. त्याचे कारण आहे. १०० ग्रॅम कच्च्या केळ्यात प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम असतात. तेवढ्याच शेंगदाण्यात ती २५ ग्रॅमच्या आसपास असतात. मूल नुसत्या केळ्यावर राहिले तर पोट भरलेले दिसते, पण वजन व उंची वाढत नाही. म्हणून वरच्या बहुतेक कृतींत शेंगदाणे, डाळ किंवा दही आहे. पैसे कमी असले तर मसाला कमी करा, शेंगदाणे कमी करू नका, असे आम्ही आयांना सांगतो.

मधुमेह असलेल्यांनी ही भाजी बटाट्याप्रमाणेच मोजून खावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच खावी, कारण केळ्यात पोटॅशियम बरेच असते.

आपल्या मंडळीच्या पुढच्या प्रीतिभोजनात भगिनी मंडळाने केळ्यांची रस्साभाजी व भाकरी करून पाहावी, अशी विनंती आहे. शहरातही कच्ची केळी भाजीबाजारात मिळतात. आणि आपण आम्हाला धान्य पाठवता तेव्हा त्यात शेंगदाणे व डाळ जरूर असू द्या. केळी येथे आहेतच. ताटात कमी पडते ती डाळ.