सान्त महाएकीकरण सिद्धांत आणि दोन वस्तुमाने

मूलकणांच्या प्रमाणित प्रतिकृतीत क्वार्कांची वस्तुमाने प्रयोगाने मोजून घ्यावी लागतात. सिद्धांत ती सांगत नाही. गणनेत उद्भवणाऱ्या अनंत राशी पुनर्सामान्यीकरणाने दूर करता येतात, परंतु त्या मोबदल्यात मोजलेली मूल्ये सिद्धांतात घालावी लागतात.

सान्त महाएकीकरण सिद्धांताची मागणी अशी की, एकीकरणाच्या ऊर्जेपलीकडे या अनंत राशी उद्भवूच नयेत. सुपरसिमेट्रीत फर्मिऑन व बोसॉन यांची योगदाने विरुद्ध चिन्हांची असल्याने बऱ्याचशा राशी परस्पर नाहीशा होतात. उरलेल्यांसाठी, कणांना वस्तुमान देणारे युकावा युग्मनांक आणि बलाची तीव्रता ठरविणारा गेज युग्मनांक यांत निश्चित नाते असावे लागते. हे नाते मान्य केले की टॉप क्वार्कचे वस्तुमान मोजण्यापूर्वीच काढता येते.

एसयू(५) गटावर आधारलेल्या अशा सिद्धांतातून कापेटानाकिस, मोंद्रागोन व झुपानोस यांनी १९९३ च्या सुमारास ते १८० जीईव्हीच्या आसपास वर्तविले. १९९५ मध्ये फर्मिलॅब येथे टॉप सापडला. आज मोजलेले मूल्य सुमारे १७३ आहे. त्या शोधातील डीझिरो प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग होता. पुढे २००७ मध्ये हिग्ज बोसॉनसाठी १२१ ते १२६ जीईव्ही हे भाकीत आले आणि २०१२ मध्ये सर्न येथे तो १२५ च्या जवळ आढळला. तेथील सीएमएस उपकरणाचा बाह्य हॅड्रॉन कॅलरीमापक उभारण्यात याच संस्थेचा प्रमुख वाटा आहे.

हे यश लक्षणीय खरे, पण निर्णायक नव्हे. १२५ हे मूल्य इतर सुपरसिमेट्रिक सिद्धांतांतही बसते. आणि सुपरसिमेट्रीने अपेक्षिलेला एकही जोडीदार कण अद्याप सापडलेला नाही.